टपालांतील सामान्यनामें व विशेषनामें

लखोट्यावर पत्ता लिहिण्याची क्रिया इतकी सवयीची आहे कीं, त्या तीन-चार ओळींत व्याकरणाचा आणि इतिहासाचा केवढा मोठा सांठा पडून आहे, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. “मु. पो. चाकण, ता. खेड, जि. पुणें” ही एकच ओळ पाहावी. तींत सात शब्द आहेत. मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा हीं चार सामान्यनामें. चाकण, खेड आणि पुणें हीं तीन विशेषनामें. सामान्यनामें एकेका अक्षरावर आटोपलीं आहेत. विशेषनामें मात्र पूर्ण लिहिलीं आहेत. टपाल निवडणाऱ्या कारकुनाला “ता.” आणि “जि.” हीं अक्षरें पुसट झालीं तरी चालतात; पण चाकण हा शब्द पुसला गेला, तर पत्राचा प्रवास बहुधा तेथेंच अडतो.

याच ओळींत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मुक्काम, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेनें ते मराठी दफ्तरांत आले. पोस्ट हा शब्द इंग्रजांनीं आणला, आणि त्यांच्याकडे तो लॅटिनमधून आला होता. म्हणजे पत्त्यांतील एकहि सामान्यनाम या मातींतलें नाहीं. राज्यकर्ते बदलले तसतसे दफ्तराचे शब्द बदलत गेले. गांवांचीं नांवें मात्र गांवापाशींच राहिलीं. शिवाय मुक्काम आणि पोस्ट ही जोडीहि मोठी मजेदार आहे. मराठींत मुक्काम म्हणजे चालत्या माणसाचा विसावा. फौज आज येथें उतरली, उद्यां पुढें जाईल. पोस्ट म्हणजे मुळांत एका जागीं नेमून बसविलेलें ठाणें. एक शब्द चालणाऱ्याचा, दुसरा बसणाऱ्याचा. आणि दोघे मिळून गेलें दीड शतक मराठी माणसाचा ठावठिकाणा सांगत आले आहेत.

ज्या नामानें एका जातीच्या सर्व वस्तूंचा बोध होतो तें सामान्यनाम, आणि ज्यानें त्या जातींतील एकाच व्यक्तीचा किंवा स्थळाचा बोध होतो तें विशेषनाम, ही व्याख्या शाळेंत पाठ केलेली असते. इंग्रजी भाषेनें हा भेद डोळ्यांना दिसेल असा केला आहे. विशेषनामाचें पहिलें अक्षर ती मोठें काढते. लहान अक्षरांत लिहिलेलें पोस्ट ऑफिस म्हणजे कोपऱ्यावरची कचेरी. तेंच मोठ्या अक्षरानें लिहिलें कीं, सबंध खातें, त्याचे कायदे, त्याचा दरारा, सर्व उभें राहतें. देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नाहींत. तेथें हा भेद लिपि दाखवीत नाहीं. तो वाचणाऱ्यानें संदर्भावरून ओळखावयाचा असतो. म्हणूनच कीं काय, मराठींत सामान्यनामें आणि विशेषनामें यांची ये-जा विनापरवाना चालते, आणि टपालाच्या क्षेत्रांत तर ती पावलोपावलीं दिसते.

इंग्रजीनें पत्रव्यवहारासाठीं दोन मुख्य शब्द वापरले. एक पोस्ट, दुसरा मेल. पोस्ट हा लॅटिनमधील ‘ठेवलेलें, नेमलेलें’ या अर्थाच्या शब्दापासून आला. राजाचे निरोप नेण्यासाठीं वाटेवर ठराविक अंतरानें घोडे व स्वार नेमून ठेवीत. त्या नेमणुकीला पोस्ट म्हणत. पुढें तो शब्द स्वाराला लागला, मग त्यानें नेलेल्या पत्रांना, आणि शेवटीं पत्रें घेणाऱ्या कचेरीला. मेल या शब्दाचा प्रवास निराळा. जुन्या फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ नुसता ‘पिशवी’ असा होता. पत्रांची पिशवी म्हणून पिशवीतलीं पत्रेंहि मेल झालीं. १७८४ सालीं जॉन पामर यानें ब्रिस्टल ते लंडन या वाटेवर टपालाची घोडागाडी सुरू केली, तेव्हां ती गाडीहि मेल म्हणवूं लागली. पुढें या दोन शब्दांनीं समुद्राच्या दोन तीरांवर जागा वांटून घेतल्या. इंग्लंडांत पत्रांना पोस्ट म्हणतात, पण तीं वांटणाऱ्या संस्थेचें विशेषनाम रॉयल मेल. अमेरिकेंत पत्रांना मेल म्हणतात, आणि संस्थेच्या नांवांत मात्र पोस्टल हा शब्द बसला आहे. सामान्यनाम एकानें घेतलें तें दुसऱ्यानें विशेषनामांत जपलें, असा हा सौदा आहे.

पिशवीचें नांव पत्राला मिळणें ही कांहीं इंग्रजांचीच कल्पकता नव्हे. मराठ्यांच्या दरबारीं व्यवहारांत हेंच घडलें होतें. राजेरजवाड्यांचीं पत्रें किनखापाच्या पिशवींत घालून, तोंड बांधून, मोहोर करून पाठवीत. या पिशवीला खरिता म्हणत. मराठींत त्याचा खलिता झाला. हळूहळू पिशवी विसरली गेली आणि आंतल्या पत्रालाच खलिता म्हणूं लागले. पुढें इंग्रजी अमदानींत पॅकेट हा शब्द आला. त्याचा अर्थ लहान गठ्ठा. मराठी माणसानें त्याचें पाकीट केलें, आणि तें पत्राच्या लखोट्याला दिलें. तेंच पाकीट पैसे ठेवण्याच्या चामडी घडीलाहि चिकटलें, आणि त्यावरून पाकीटमार हा धंदाहि भाषेंत नांव कमावून बसला. मेल, खलिता आणि पाकीट. तीन भाषांतले तीन शब्द, तिन्ही मुळांत पिशव्या किंवा गठ्ठे. आंत काय आहे याच्यापेक्षां तें कशांत बांधून आलें, याचीच आठवण माणसाच्या बोलण्यांत अधिक टिकते.

तिकीट या शब्दाची गोष्ट तर याहून सरस आहे. पत्रावर लावण्याच्या कागदी तुकड्याला इंग्रज स्टँप म्हणतात, म्हणजे ठसा. इंग्लंडांत १८४० च्या मे महिन्यांत रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणें एका पेनीचें काळें तिकीट निघालें, आणि तेंच जगांतील पहिलें डिंक लावलेलें टपालाचें तिकीट. मराठी माणसानें स्टँप हा शब्द कोर्टकचेरीच्या कागदासाठीं राखून ठेवला आणि पत्रावरच्या तुकड्याला तिकीट म्हटलें. इंग्रजाला हें चुकीचें वाटावें. त्याच्या मतें तिकीट आगगाडीचें अथवा नाटकाचें. पण टिकेट हा इंग्रजी शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला, त्याचा अर्थच मुळीं ‘चिकटविलेली चिठ्ठी’ असा होता. मराठीनें नकळत त्या शब्दाला त्याच्या मूळ घरीं नेऊन पोंचविलें.

या सर्व शब्दांच्या आधीं येथें टपाल व डाक हे शब्द रुळलेले होते. डाक हा उत्तरेकडचा. टपाल हा महाराष्ट्रांत आणि दक्षिणेंत, कानडी व तेलुगु मुलुखांत चालणारा. डाक म्हणजे टप्प्याटप्प्यानें माणसें किंवा घोडे बदलून केलेला प्रवास. त्यामुळें डाक बसविणें असा वाक्प्रचार मराठी कागदपत्रांतहि येतो. टपाल या शब्दाचें मूळ काय, यावर एकोणिसाव्या शतकांतील कोशकारांनीं बराच खल केला, पण त्याचा निकाल लागला नाहीं. पेशवाईंत पत्रें नेणाऱ्यांना जासूद, काशीद, हरकारे, सांडणीस्वार अशीं कामापरत्वें निरनिराळीं नांवें होतीं. जासूद बहुधा जोडीनें जात, म्हणून जासूदजोडी हा शब्द झाला. तेव्हांच्या पत्रावर आजच्यासारखा पत्ता नसे. मायना असे. ज्याला पत्र द्यावयाचें त्याची पदवी, त्याचा मान, आणि मग त्याचें नांव. राजमान्य राजश्री, गोसावी, यांसी. घर क्रमांकाची गरज नव्हती, कारण जासुदाला माणूस ठाऊक असे.

या चालीचें उत्तम उदाहरण चिंचवडास सांपडतें. पवनेच्या कांठच्या या गांवीं मोरया गोसावी यांची समाधि आहे. त्यांच्या वंशजांना लोक देव म्हणत. छत्रपतींच्या काळापासून पेशवाईपर्यंत अनेक सत्ताधीशांनीं या घराण्याशीं पत्रव्यवहार केला आणि सनदा दिल्या. देव हें भाषेंतलें एक अतिशय व्यापक सामान्यनाम. पण त्याच्यामागें चिंचवड हा शब्द जोडतांच तें एका घराण्याचें विशेषनाम झालें. मोठें अक्षर लागलें नाहीं. गांवाचें नांव पुरलें.

इंग्रजी टपालाची मांडणी मात्र माणसाच्या ओळखीवर नव्हे, तर स्थळाच्या नांवावर झाली. मुंबईचें मुख्य पोस्ट १७९४ सालीं निघालें. तरीहि दीर्घकाळ पत्राचा हांशील वजनाबरोबर अंतरावर ठरे. दूरचें गांव महाग, जवळचें स्वस्त. १८५२ च्या १ जुलैस सिंध प्रांतांत, तेथील कमिशनर बार्टल फ्रियर यांनीं अर्ध्या आण्याचें तिकीट काढलें. आशिया खंडांतील हें पहिलें चिकटतें तिकीट. त्यावर उठविलेल्या इंग्रजी अक्षरांत पोस्ट नाहीं, मेल नाहीं. तेथें डाक हा देशी शब्द इंग्रजी वळणानें घातला आहे. सिंध डाक हेंच त्या तिकिटाचें नांव झालें, आणि तिकिटें जमविणाऱ्या जगभरच्या लोकांत तें आज विशेषनाम म्हणून चालतें. पुढें १८५४ सालीं टपालाचा नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबरपासून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत एकच दर सुरू झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. मग तें शेजारच्या तालुक्यांत जावो कीं पेशावरास. त्या दिवशीं देशांतील सर्व गांवांचीं नांवें टपालाच्या दृष्टीनें सारख्या किंमतीचीं झालीं. १८७९ च्या १ जुलैस पाव आण्याचें, म्हणजे एका पैशाचें कार्ड निघालें, आणि गरिबालाहि आपल्या गांवाचें नांव लिहून तें दूर पाठवितां येऊं लागलें. पुढच्याच वर्षीं मनिऑर्डर पोस्टाकडे आली. कार्ड आणि मनिऑर्डर हे दोन शब्द मराठीनें जसेच्या तसे घेतले, आणि कोंकणांतील कित्येक घरांचे संसार त्या दुसऱ्या शब्दावर चालले.

मेल हा शब्दहि मराठींत आला, पण पत्र या अर्थानें नव्हे. १८५८ च्या जून महिन्यांत खंडाळा ते पुणें ही आगगाडीची वाट चिंचवडावरून सुरू झाली, आणि १८६३ सालीं बोरघाटाचा चढ पुरा झाल्यावर मुंबई-पुणें सलग जोडलीं गेलीं. टपालाच्या पिशव्या नेणारी जलद गाडी ती मेल. मद्रास मेल, पंजाब मेल, १९२८ सालीं निघालेली फ्राँटियर मेल, हीं सर्व विशेषनामें मराठी घरांत ओळखीचीं झालीं. लोकांनीं त्यांतून पिशवी वगळली, पत्रेंहि वगळलीं, आणि ठेवला तो नुसता वेग. पाहुणे मेलनें आले म्हणजे जलद गाडीनें आले. तारेचें असेंच झालें. इंग्रजी टेलिग्राम हा शब्द लोकांनीं नाकारला आणि खांबावरून जाणाऱ्या धातूच्या तंतूचें नांव निरोपाला दिलें. तार आली एवढ्या शब्दांनीं घरांतील बायामाणसांच्या काळजांत धस्स होई. २०१३ च्या जुलै महिन्यांत सरकारी तारसेवा बंद झाली. शब्दांतली ती धास्ती त्याच्याहि पूर्वींच ओसरली होती.

विशेषनामाचें सामान्यनाम होण्याची उलट क्रियाहि टपालांत पुष्कळ. फिलिपाइन्समधील मनिला बंदरांतून जाणाऱ्या तागासारख्या धाग्यापासून जाड पिंवळट कागद होई; त्यावरून कचेऱ्यांतील पिंवळ्या मोठ्या पाकिटाला इंग्रजींत मनिला पाकीट हें नांव पडलें, आणि शहराचें नांव कपाटांत गठ्ठ्यानें विकलें जाऊं लागलें. इंग्लंडांत जॉन पेनफोल्ड नांवाच्या वास्तुकारानें १८६६ सालीं षट्कोनी पत्रपेटीचा नमुना केला. तशा पेट्यांना तेथें पेनफोल्डच म्हणतात. माणूस गेला, पेटी उरली, आणि त्याचें आडनांव रस्त्याच्या कडेला पत्रें घेत उभें राहिलें. पुण्यांत हीच गोष्ट दुसऱ्या अंगानें घडली. लक्ष्मी रस्त्यावरील शहर विभागाचें पोस्ट तें सिटी पोस्ट. आतां तेथील चौकच सिटी पोस्ट म्हणून ओळखला जातो, आणि तेथें जाणाऱ्यांपैकीं पुष्कळांना पोस्टांत कांहींच काम नसतें.

पुण्याच्या वायव्येस पवना आणि इंद्रायणी यांच्या आसमंतांत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, त्याच्या इतिहासांत हें सर्व नाट्य एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतें. येथल्या गांवांचीं जुनीं नांवें पाहिलीं तर तीं बहुधा एकेकाळचीं सामान्यनामेंच होतीं. पिंपरी हें एका झाडाचें नांव. चिंचवडांत तर चिंच आणि वड दोन्ही झाडें ऐकूं येतात. चाकणचा तालुका खेड. खेड म्हणजे खेडेंच. गांवाला गांव म्हणावें, तसें हें नांव. अशीं नांवें भरपूर असल्यामुळें घोटाळा अटळ होता, आणि तो टाळण्याची युक्ति लोकांनीं पोस्टाच्या आधींच काढली होती. एकमेकांला लागून असलेलीं तीन गांवें. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर. तिघांचें नांव एक, म्हणून मागें खूण जोडली. चाकणहून पश्चिमेस गेलें कीं तळेगांव दाभाडे लागतें. त्याच जिल्ह्यांत पूर्वेस तळेगांव ढमढेरे आहे. दोन सरदार घराण्यांचीं आडनांवें दोन तळेगांवांची वेगळीक आजवर राखून आहेत. पिंपरीलाहि जुन्या कागदांत वाघेरे हें आडनांव जोडलेलें असे. बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे मोठें आणि लहान, हे फारसी शब्द तर लखोट्यावर बु॥ आणि खु॥ अशा रूपांत नेहमींच दिसत. एका अक्षराची चूक झाली कीं पत्र ओढ्यापलीकडल्या गांवीं.

चाकणच्या किल्ल्याचें नांव संग्रामदुर्ग. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें शाएस्तेखानाच्या फौजेपुढें तो जवळजवळ दोन महिने लढविला. इतिहासांत संग्रामदुर्ग हें नांव मानानें येतें. बोलण्यांत मात्र तो चाकणचा किल्लाच. विशेषनामापेक्षां गांवाचें नांव लावलेलें सामान्यनाम लोकांना जवळचें वाटलें. खेडाची गोष्ट याच्या उलट. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचा जन्म या खेडांत झाला, आणि स्वातंत्र्यानंतर गांवाचें नांव राजगुरुनगर झालें. तालुका मात्र खेडच राहिला. एकाच लखोट्यावर गांव राजगुरुनगर आणि तालुका खेड असें लिहिलें जातें, आणि २३ मार्च १९३१ रोजीं फांशी गेलेल्या एका तरुणाचें नांव अशा रीतीनें रोजच्या टपालांतून फिरत राहतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील खेडाशीं होणारा घोटाळाहि त्यामुळें कमी झाला.

१९४७ नंतर पिंपरीस सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली. ज्या प्रांतानें आशियाला पहिलें तिकीट दिलें, त्या प्रांतांतील माणसें आपलीं घरें मागें टाकून येथें आलीं, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग. कराची, शिकारपूर, सक्कर हीं त्यांच्या पत्त्यांतील विशेषनामें एका रात्रींत परदेशाचीं झालीं. नव्या जागेला मिळालें तें मात्र सामान्यनाम: कँप, कॉलनी. पिंपरी कॉलनी हें पोस्टाचें नांव अद्यापि आहे. तात्पुरत्या छावणीचा शब्द कायमचें घर होऊन बसला. आणि ज्यांनीं तो शब्द नाइलाजानें स्वीकारला, त्यांच्या नातवंडांच्या जन्मदाखल्यांवर तो आपलेपणानें येऊं लागला.

त्यानंतर कारखाने आले. १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्यानें पुढच्याच वर्षीं पिंपरीस पेनिसिलीन तयार होऊं लागलें. तेथल्या पोस्टाला पिंपरी पी. एफ. हें नांव मिळालें. पी. एफ. म्हणजे पेनिसिलीन फॅक्टरी. शोधकर्ता फ्लेमिंग यानें बुरशीच्या शास्त्रीय नांवावरून औषधाला दिलेला शब्द, त्यांत कारखाना हें सामान्यनाम, आणि दोहोंचीं नुसतीं पहिलीं अक्षरें. असें तें विशेषनाम तयार झालें. कारखान्यांच्या या शहरांत पी. एफ. म्हटलें कीं कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच आधीं आठवतो, हा भाग निराळा.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्याचीं इंग्रजी आद्याक्षरें एम. आय. डी. सी. हें एका संस्थेचें खास विशेषनाम. पण त्याचें सामान्यनाम इतक्या झपाट्यानें झालें कीं, आतां कोणत्याहि औद्योगिक वसाहतीला एमआयडीसी म्हणतात, आणि आमच्या गांवाजवळ एमआयडीसी आली, असें सहज बोललें जातें. १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण निघालें. प्राधिकरण म्हणजे अधिकार असलेली संस्था. निव्वळ कायद्यांतला शब्द. पण निगडी-आकुर्डीच्या बाजूला त्यानें जी वस्ती वसविली, तिचेंच नांव प्राधिकरण झालें. २०२१ सालीं ती संस्था दुसऱ्या मोठ्या संस्थेंत विलीन झाली. वस्तीचें नांव मात्र कायम आहे. टेल्को कंपनीनें २००३ सालीं टाटा मोटर्स हें नांव घेतलें, तरी टेल्को रस्ता हा टेल्को रस्ताच राहिला. संस्था आपलें नांव ठराव करून बदलते. रस्ता तसा बदलत नाहीं, कारण त्याचें नांव लोकांच्या जिभेवर असतें.

चाकणाकडील नव्या कारखान्यांच्या पाट्यांतहि हाच खेळ दिसतो. बजाज हा शब्द मुळांत कापडविक्याचा. तो आडनांव झाला, आणि आडनांवावरून दुचाकी झाली. फोक्सवागन या जर्मन शब्दाचा अर्थ केवळ ‘लोकांची गाडी’. मर्सिडीझ हें मात्र एका मुलीचें नांव; एमिल येलिनेक या व्यापाऱ्यानें आपल्या मुलीचें नांव गाड्यांना दिलें. कापडविक्या, लोक आणि एक मुलगी, असे तिघे एका लहानशा बाजारगांवाच्या शिवारांत शेजारी होऊन बसले आहेत.

नांवांच्या या गर्दींत पत्र नेमकें पोंचविणें दिवसेंदिवस कठीण झालें. देशांत अनेक भाषा, अनेक लिप्या, आणि एकाच नांवाचीं असंख्य गांवें. यावर उपाय ज्यानें काढला तो एक मराठी भाषक संस्कृत कवि होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यांत वरिष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृतांत विपुल लेखन करणारे विद्वान् म्हणूनहि त्यांची कीर्ति होती. त्यांच्या योजनेप्रमाणें १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकांचा पिनकोड सुरू झाला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन पत्र वांटणारें पोस्ट. शब्दांच्या उपासकानें शब्दांचा घोटाळा अंकांनीं सोडविला. ४११०१८ म्हटलें कीं पिंपरी पी. एफ.; ४११०१९ म्हटलें कीं चिंचवड पूर्व; ४११०३३ म्हटलें कीं चिंचवडगांव. चाकणचा क्रमांक ४१०५०१. चाकण पुणें जिल्ह्यांत असूनहि त्याचे पहिले तीन अंक पुणें शहराचे नाहींत. ते पनवेल, लोणावळें आणि जुन्नर यांच्याशीं जुळतात. पोस्टाचा भूगोल आणि महसुलाचा भूगोल एक नव्हे, हें हे तीन अंक मुकाट्यानें सांगतात. पिन हीं इंग्रजी आद्याक्षरें. पण मराठींत पिनकोड हें साधें सामान्यनाम होऊन गेलें आहे.

आणि तरीहि अंक पुरत नाहींत. या पट्ट्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून, तसेंच उत्तर प्रदेश आणि बिहार येथून कामासाठीं आलेली माणसें राहतात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत जागांना नांवें नाहींत. जे ब्लॉक, टी ब्लॉक, डब्ल्यू ब्लॉक. प्राधिकरणांत सेक्टर आणि त्याचा क्रमांक. भाड्याच्या खोलींत चार-पांच जण मिळून राहणाऱ्या कामगाराचें नांव कोणत्याच दारावर नसतें. त्याच्या पत्रावर आधीं त्याचें नांव, आणि खालीं द्वारा म्हणून घरमालकाचें. द्वारा हा मराठी लखोट्यावरचा सर्वांत नम्र शब्द आहे. ज्याला स्वतःचा पत्ता नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या विशेषनामाच्या आश्रयानें राहावें, असा त्याचा अर्थ. बँकेचें पुस्तक, शिधापत्रिका, मुलाचा शाळेचा दाखला, या सर्वांना पत्ता लागतो; आणि खोली बदलली कीं तो पत्ता जातो. अशा माणसाला टपाल मिळतें तें बहुधा त्या भागांतील पोस्टमनला त्याचें नांव ठाऊक असतें म्हणून. दोन शतकांचा प्रवास करून व्यवहार पुन्हां त्या जुन्या जासुदापाशीं येऊन ठेपतो, ज्याला घर नव्हे तर माणूस माहीत असे.

टपालाचे शब्द अजूनहि बदलत आहेत. १९८६ सालीं आलेलें स्पीड पोस्ट हें एका सेवेचें विशेषनाम. आज कोणतेंहि निकडीचें पत्र स्पीड पोस्टनें टाका, असें म्हणतात. रजिस्टर ही जुनी विश्वासाची सेवा २०२५ सालीं त्यांतच विलीन झाली. देशांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेट १९९५ च्या १५ ऑगस्टला खुलें झालें, आणि ई-मेल आली. ज्या मेल शब्दांतून मराठी माणसानें पत्रें वगळून आगगाडी ठेवली होती, त्याच शब्दांत पत्रें परत भरलीं गेलीं. चाकणच्या कारखान्यांत तरुण कारकून मेल केली असें म्हणतो, तेव्हां त्याच्या आज्याला गाडीची शिटी ऐकूं यावी. २०२५ च्या मे महिन्यांत टपाल खात्यानें डिजिपिन नांवाची नवी योजना प्रसिद्ध केली. तींत देशाच्या जमिनीचे सुमारें चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन कल्पून प्रत्येकाला दहा अक्षरांकांची खूण दिली आहे. या खुणेंत गांव नाहीं, तालुका नाहीं, मुक्काम नाहीं आणि पोस्टहि नाहीं. ज्या खोलीच्या दारावर नांव नाहीं, त्या खोलीलाहि ती लागूं पडते, हा तिचा मोठा गुण.

मात्र चौकोनाची खूण जागेची आहे, माणसाची नव्हे. पत्र जागेला लिहिलें जात नाहीं. मराठी लखोट्यावर पहिली ओळ नेहमीं नांवाची असते, आणि तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती अशी नात्याची अथवा मानाची खूण त्या नांवामागें लागलेली असते. खालच्या ओळी राजवटीप्रमाणें बदलल्या. जासुदाचा मायना गेला, मुक्काम पोस्ट आलें, पिनकोड आला, चौकोनहि आले. पहिल्या ओळीला पर्याय कोणत्याहि खात्यानें काढलेला नाहीं. खोलींतल्या पांच जणांपैकीं पत्र कोणाचें, हें ठरविणारी ओळ तीच आहे.